एड्सबाधित कुटुंबांतील ख्रिस्ती सेवाकार्य, नागपूर

एचआयव्हीची लागण झालेला माणूस आणि त्या लागणीची झळ सोसणारे त्याचे घर, अशा दोघांनाही धरून ख्रिस्ती मंडळ्या, धर्मभगिनींचे संघ आणि मिशनच्या संस्था करतात ते काम. मंडळीच्या रोजच्या बोलण्यात त्याला नुसते ‘सेवा’ म्हणतात. घरभेटी, औषधांचा पाठपुरावा, विधवेची कागदपत्रे, पोरांची शाळा, अखेरच्या दिवसांत उशाशी बसणे आणि गेल्यावर मूठमाती, हे सारे त्यात येते. रुग्णालय रुग्ण मोजते. इथे मोजमाप घराचे असते. नवरा गेलेला, बायको गोळ्यांवर, एक मूल बाधित, दुसरे निरोगी आणि सासूला यातले काहीच ठाऊक नाही, अशा घराला एकच केसपेपर पुरत नाही.

नागपूर हे मिशनच्या दृष्टीने आडगाव नव्हे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले. त्यांच्या नावाचे कॉलेज आजही चालू आहे. सीताबर्डीचे मूर मेमोरियल रुग्णालय त्याच मिशनचे. रोमन कॅथलिक धर्मप्रांत १८८७ चा. उत्तर भारतातील सहा प्रॉटेस्टंट परंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले तेही याच शहरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. देशभरच्या प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची राष्ट्रीय ख्रिस्ती परिषद सिव्हिल लाइन्समध्ये आहे. एवढे बोर्ड ज्या शहरात ठळक अक्षरांत लागले, तिथे हे एक काम मात्र बोर्ड न लावता करावे लागते.

विदर्भात मिशनला कलंकित आजाराचा अनुभव होता तो कुष्ठरोगाचा. अचलपूरजवळचे कोठारा येथील कुष्ठरुग्णालय त्याची साक्ष आहे. (हा वसा एकट्या मिशनऱ्यांचा नव्हता. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये, तर वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये काम उभारले.) पण कुष्ठसेवेची जुनी रीत होती वस्ती गावाबाहेर वसवण्याची. रोगी घरातून उठून तिथे जायचा आणि तेच त्याचे गाव व्हायचे. एचआयव्हीला ही रीत लागू पडली नाही. इथे माणूस वर्षानुवर्षे धडधाकट दिसतो, कामावर जातो, लग्नाच्या पंगतीला बसतो. त्याला वेगळी वसाहत देणे म्हणजे त्याचे गुपित फोडणे. म्हणून सेवेलाच घरात शिरावे लागले.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मोठ्या महामार्गांच्या चौकात वसलेल्या नागपुरात ट्रकवाले, त्यांचे क्लीनर, वाडीकडचे ट्रान्सपोर्टचे गाळे आणि इतवारीतली गंगाजमुना ही देहविक्रयाची वस्ती यांच्याकडेच आधी बोटे दाखवली गेली. आजार घरी आला तो मात्र बहुतेक बायकांकडे लग्नाच्या नवऱ्याकडून. १ एप्रिल २००४ पासून सरकारने जास्त प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत आणि दिल्लीत मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला रोखून धरणारी औषधे, सुरू केली. त्याआधीचे सेवाकार्य म्हणजे मुख्यतः सुखाने मरू देणे होते: तोंडातले छाले पुसणे, जुलाबाने भिजलेली चादर बदलणे, घरचे शिवायला धजत नाहीत त्याला आंघोळ घालणे. पुढे मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, औषध मिळू लागले आणि काम पालटले. आता माणूस जगणार होता, आणि रोज ठरल्या वेळी गोळी घेणे ही घराची जबाबदारी झाली.

घरभेटीचे काही अलिखित नियम आहेत. गाडीवर संस्थेचे नाव असेल तर ती वस्तीच्या तोंडाशीच थांबते आणि पुढे पायी जावे लागते. पांढऱ्या साडीतली सिस्टर एकाच दारात दर महिन्याला दिसली की शेजारणी हिशेब मांडतात. म्हणून ती वाटेत आणखी दोन घरी टेकते, कुणाच्या बाळाचे वजन विचारते, कुणाकडे चहा घेते. मग त्या घरी. तिथे गोळ्यांची बाटली फळीवर दिसत नाही. ती तांदळाच्या डब्यात तरी असते, नाहीतर तिचे लेबल खरवडलेले असते. सिस्टर गोळ्या ओतून मोजते. महिन्याच्या तीस, आज किती उरायला हव्या होत्या आणि किती उरल्या, एवढ्या वजाबाकीवरून त्या घराचा महिना कसा गेला ते कळते. चार जास्त उरल्या असतील तर बहुधा पाहुणे मुक्कामाला होते, आणि त्यांच्यादेखत बाटली काढायची सोय नव्हती.

प्रार्थना होते, पण घरच्यांनी म्हटले तर. हा मुद्दा नागपुरात फार जुना आहे. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने, तेव्हा नागपूर त्या राज्याची राजधानी होते, न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी थेट वापर कायद्याने बंद करावा, अशी शिफारस त्यात होती. मंडळीतल्या अनेकांना तो अहवाल एकतर्फी वाटतो. तरीही मरणाच्या दारातल्या माणसाचा होकार खरा किती, हा प्रश्न सेवेकऱ्याने स्वतःला विचारलाच पाहिजे. याहून मोठा धोका ‘प्रार्थनेने बरे झालात, गोळ्या सोडा’ म्हणणाऱ्या सभांचा. गोळ्या सोडल्या की विषाणू पुन्हा वाढतो आणि तेच औषध पुढे लागू पडेनासे होऊ शकते. जबाबदार पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, म्हणूनच प्रार्थनेआधी व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचा, रिपोर्ट विचारतात.

खुद्द मंडळीलाही शिकावे लागले. प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीत, एकाच प्याल्यातून पिताना बाधिताच्या मागे उभे राहायला लोक कचरत, आणि प्याल्यातून एचआयव्ही पसरत नाही हे वेदीवरूनच सांगावे लागे. रविवारच्या उपासनेत आजाऱ्यांची नावे घेतली जातात. नाव घ्यावे, आजार उच्चारू नये, हा संकेत हळूहळू रुळला. ‘पाप कोणाचे?’ हा प्रश्न तर हटतच नव्हता. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाबद्दल शिष्य हेच विचारतात, याने पाप केले की याच्या आईबापांनी, आणि येशू दोन्ही नाकारतो. एचआयव्हीवरील प्रवचनांत हा उतारा वारंवार येतो. मे २०२२ मध्ये नागपुरात रक्त घ्यावे लागणारी थॅलेसेमियाची चार बालके बाधित आढळली आणि त्यांतले एक दगावले, तेव्हा त्या प्रश्नातली क्रूरता बाहेरच्यांनाही दिसली. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २००५ मध्ये एचआयव्हीविषयक धोरण काढले. राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेच्या ‘एशा’ उपक्रमाने तर याच निमित्ताने लैंगिकता आणि तृतीयपंथी या विषयांवर पाळकांना बोलते केले. निरोधाबाबत कॅथलिक शिकवण आणि सरकारी सल्ला यांतले अंतर मात्र मिटलेले नाही. एक बाधित, एक निरोगी अशा जोडप्यासमोर बसलेल्या समुपदेशक सिस्टरची त्यात खरी कोंडी होते. नियमित औषधाने विषाणू चाचणीत सापडेनासा झाला तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, या निष्कर्षाने ही कोंडी काहीशी सैल झाली.

कामाचा बराच वेळ तहसीलमध्ये जातो. नवरा गेल्यावर सुनेला माहेरी धाडतात आणि सातबाऱ्यावर तिचे नाव चढतच नाही. मृत्यूचा दाखला, रेशनकार्डाची फोड, संजय गांधी निराधार अनुदान, मुलांसाठी बालसंगोपन योजना: फादरच्या शिफारसपत्रापेक्षा या कागदांनी चुली जास्त पेटवल्या आहेत. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय कुणाची लागण उघड करायला आणि शाळा, नोकरी, उपचारांत भेदभाव करायला त्याने मनाई केली. त्यातली एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते: बाधित घराचा व्यवहार समंजसपणे सांभाळणारे बारा ते अठरा वर्षांचे थोरले भावंड शाळाप्रवेश, बँक खाते, मालमत्ता आणि उपचार यांसाठी धाकट्याचे पालक ठरू शकते. आईबाप गमावलेल्या पोरांना बालगृहात न हलवता घरीच राहू द्यायला या कलमाचा आधार मिळतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी गंगाजमुना सील केली. वस्ती पांगली की फोन बदलतात, पत्ते बदलतात आणि औषधाची तारीख चुकते. मग पाठपुरावा पुन्हा पहिल्यापासून. परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये बदल होऊन एका संस्थेने दुसरीला निधी वळवण्यावर बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्या लहान केंद्रांना याचा फटका बसला.

औषधे सुरू झाली तेव्हा जी बाधित मुले चार-पाच वर्षांची होती, ती आता पंचविशीत आहेत. त्यांच्यासाठी मरणघर नको, स्थळ हवे आहे. दोघेही गोळ्यांवर असतील अशी जोडी जुळवणे, पाळकाला किती सांगायचे आणि वऱ्हाडाला किती ते ठरवणे आणि पहिल्या गरोदरपणात वेळेवर मेडिकलला नेणे, हे सेवेतले सर्वांत नवे खाते. होणाऱ्या बाळाला लागण होऊ नये यासाठीची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.