एमिलीचा पूल (गोल्ड ब्रूक छतपूल)

अमेरिकेच्या व्हरमॉन्ट राज्यात, स्टो गावाजवळ गोल्ड ब्रूक या ओढ्यावर १८४४ मध्ये बांधलेला, एमिलीच्या भुताच्या आख्यायिकेसाठी ओळखला जाणारा लाकडी छतपूल. लांबी सुमारे ५० फूट, रस्ता एकेरी. विल्यम हाउ याने १८४० मध्ये पेटंट घेतलेल्या कैचीवर, म्हणजे पुलाचा भार पेलणाऱ्या तिरप्या-उभ्या दांड्यांच्या सांगाड्यावर, तो उभा आहे. या पद्धतीचे एवढे जुने लाकडी पूल आता फार थोडे उरले आहेत, म्हणून भुताइतकीच त्याची कैचीही पाहण्यासारखी आहे. अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत १९७४ मध्ये त्याची नोंद झाली.

हाउच्या कैचीत तिरपे लाकडी दांडे दाब पेलतात, तर उभ्या लोखंडी सळ्या ताण घेतात. लाकूड दाबाला चांगले टिकते. ताणाखाली मात्र सांध्यातल्या खाचांपाशी ते फाटते. लाकूड सुकून आकसले, सांधे सैल पडले, की सळ्यांचे नट आवळून कैची पुन्हा ताठ करता येते.

छत वाटसरूंसाठी नाही, कैचीसाठी आहे. पाऊस आणि बर्फ झेलणारा उघडा लाकडी पूल १०-२० वर्षांत कुजू लागतो; छत आणि बाजूच्या फळ्या असतील तर तो शतकभर टिकतो. हिवाळ्यात मात्र अशा पुलांच्या फळ्यांवर मुद्दाम बर्फ पसरावा लागे, कारण कोरड्या लाकडावरून घसरगाड्या ओढल्या जात नसत. कूज बहुधा खालच्या तुळयांच्या टोकांपासून सुरू होते. दगडी आधारापाशी माती आणि पाला साचून तिथे ओल धरते, म्हणून ती जागा झाडून मोकळी ठेवणे ही पहिली निगा. उंच ट्रक छताला धडकणे हा दुसरा मोठा धोका.

आख्यायिकेनुसार एमिली नावाची तरुणी प्रियकराबरोबर पळून जाण्यासाठी रात्री पुलावर आली. तो आलाच नाही, तेव्हा तिने तुळईला गळफास घेतला. दुसऱ्या कथेत लग्न मोडल्यावर ती बग्गी भरधाव हाकत निघते आणि पुलाजवळच्या अपघातात मरते. मध्यरात्री गाडीच्या छतावर काहीतरी घासते, पावले वाजतात, बाई किंचाळते, रंगावर ओरखडे उमटतात, असे सांगतात. कथा एकोणिसाव्या शतकातली म्हणून सांगितली जात असली, तरी अशा मृत्यूची समकालीन नोंद पुढे आलेली नाही. ती पसरली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. गळफासाच्या कथेला तुळई लागते आणि ती इथे छतामुळेच डोक्यावर आहे. आवाजांचे म्हणाल, तर रात्री गारठणारे लाकूड करकरते, चाकांखाली फळ्या खडखडतात आणि बंदिस्त जागेत हे सारे घुमते.