‘सोऽ देस ने’ की ‘सोऽ देस का’?

जपानीत समोरचा बोलत असताना ऐकणाऱ्याने गप्प बसून चालत नाही. वाक्य पुरं व्हायच्या आधीच, ‘किनोऽ ने’ (काल ना), ‘एकि दे ने’ (स्टेशनवर ना) अशा प्रत्येक छोट्या थांब्यावर समोरून ‘उन्’, ‘हाइ’, ‘हेऽ’ असा हुंकार यावा लागतो. याला आइझुचि म्हणतात. फोनवर तो आला नाही की बोलणारा मध्येच थांबून ‘मोशि मोशि?’ (हॅलो, ऐकताय ना?) विचारतो, कारण लाइन कट झाली की काय असं त्याला वाटतं. यातला ‘हाइ’ बहुतेक वेळा फक्त ‘ऐकतोय, बोला’ एवढंच सांगतो, होकार देत नाही. हे विद्यार्थ्यांना लवकर उमगतं. खरा घोळ होतो तो ‘सोऽ देस ने’ आणि ‘सोऽ देस का’ या जोडीत.

बरेच जण दोन्हींचा अर्थ ‘अच्छा, अच्छा’ असा धरतात आणि तोंडाला येईल ते बोलतात. पण हे दोन हुंकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत. समोरच्याने सांगितलेली गोष्ट मलाही माहीत आहे किंवा मलाही तसंच वाटतं, तिथे ‘सोऽ देस ने’. ती गोष्ट मला आत्ताच कळली, तिथे ‘सोऽ देस का’.

मराठी माणसाला हे खरं तर शिकवावंच लागू नये. आपल्याकडे ‘हो ना’ आणि ‘हो का’ आहेत आणि आपण ते दिवसभर अचूक वापरतो. ‘काय उकडतंय आज!’ यावर आपण ‘हो ना’ म्हणतो. ‘माझी बदली झाली’ यावर ‘हो का?’ म्हणतो. बदलीच्या बातमीवर ‘हो ना’ म्हटलं, तर समोरचा विचारणारच, ‘तुला कोणी सांगितलं?’ जपानीतही अगदी तसंच होतं. ‘क्योऽ वा अत्सुइ देस ने’ (आज उकडतंय ना) याला उत्तर ‘सोऽ देस ने’. तिथे ‘सोऽ देस का’ म्हटलं, तर तुम्हाला उकडत नाहीये किंवा बोलण्यात रस नाही, असं वाटतं. उलट कोणी ‘पुढच्या आठवड्यात ओसाकाला बदली झालीय’ असं सांगितलं, तर ‘सोऽ देस का’. आपली अडचण अशी की आपण जपानी इंग्रजीतून शिकतो आणि इंग्रजीच्या वाटेने जाताना हा घरचा कान बंद करून ठेवतो.

अकिओ कामिओ या भाषाशास्त्रज्ञांनी याच गोष्टीचा मोठा विचार केला आणि 1990 साली तो पुस्तकरूपाने मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक माहितीला हद्द असते. ती बोलणाऱ्याच्या हद्दीत असते, ऐकणाऱ्याच्या असते किंवा दोघांच्याही, आणि त्यावरून वाक्याचा शेवट ठरतो. ‘ने’ शोभतो तो माहिती दोघांच्या हद्दीत असताना. माझ्या मते नवशिक्याला व्याकरणाच्या चार नियमांपेक्षा ‘ही गोष्ट कोणाच्या हद्दीतली?’ हा एक प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

सगळ्यात नाजूक जागा इथेच आहे. समजा, सहकारी म्हणाला, ‘हे काम मला काही जमत नाही.’ त्याला जमतं की नाही, ही त्याच्या हद्दीतली गोष्ट. तिथे ‘सोऽ देस ने’ म्हणणं म्हणजे ‘हो ना, तुला नाहीच जमत’ असं तोंडावर सांगणं. मराठीतही ते तितकंच टोचतं. त्याऐवजी ‘का’वर सूर वर नेऊन ‘सोऽ देस का?’ म्हणा. त्याचा भाव होतो, ‘असं वाटतं तुम्हाला? मला नाही वाटत.’ तसंच कोणी तुमच्या जपानीचं कौतुक केलं, ‘निहोन्गो गा ओजोऽझु देस ने’, तर वाक्य ‘ने’वर संपलं म्हणून ‘सोऽ देस ने’ म्हणू नका. ते स्वतःचीच पाठ थोपटणं होईल. ‘इये इये, मादा मादा देस’ (छे छे, अजून खूप शिकायचंय) म्हणा.

‘का’चा सूर फार सांभाळावा लागतो. खाली उतरता ‘सोऽ देस का’ म्हणजे ‘अच्छा, कळलं’. वर चढवला की प्रश्न होतो, कधी शंकाही. ‘आई दवाखान्यात आहे’ असं कोणी सांगितलं, तर तिथे चढता ‘का?’ कानाला खटकतो. आवाज खाली आणून, सावकाश ‘सोऽ देस का…’ म्हणावं आणि मग ‘सोरे वा शिन्पाइ देस ने’ (काळजीचीच गोष्ट आहे). आधी बातमी ऐकून घेतली, मग तिच्या काळजीत सामील झालो: ‘का’ नंतर ‘ने’ हा क्रम मला फार सुंदर वाटतो. साध्या गप्पांत नुसता ‘सोऽ देस का’ जरा कोरडा पडतो. तिथे ‘सोऽ नान् देस का’ म्हटलं की ऐकणाऱ्याचं कुतूहल कळतं.

‘ने’चं आणखी एक रूप आहे आणि ऑफिसात गैरसमज होतात ते त्यावरूनच. प्रश्नाच्या उत्तराआधी ओढून म्हटलेला ‘सोऽ देस नेऽऽ…’ हा होकार नसतो. ‘बघू या, विचार करतो’ असा तो थांबा असतो. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत जपानी क्लायंटबरोबर काम करणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. ‘महिनाअखेर डिलिव्हरी चालेल ना?’ या प्रश्नावर ‘सोऽ देस नेऽऽ… चोत्तो…’ (बघू या… जरा…) आलं आणि वाक्य तिथेच लोंबकळत राहिलं, तर ते बहुधा नाही असतं. त्याला ‘यस’ समजून मेल पाठवू नका.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेत बोलण्याची परीक्षा नसते. ऐकण्याच्या भागात एक छोटं वाक्य ऐकून तीनपैकी योग्य उत्तर निवडायचं असतं, तेवढाच काय तो संबंध. त्यामुळे वरच्या पातळीचं प्रमाणपत्र हातात असूनही हुंकार चुकणारे भेटतात. सराव करायचा तर जपानी माणसांच्या साध्या गप्पांचं रेकॉर्डिंग घ्या, प्रत्येक वाक्यानंतर थांबवा, आधी मराठीत ‘हो ना’ येतं की ‘हो का’ ते पाहा, आणि मग जपानी हुंकार मोठ्याने म्हणा.

मित्रांमध्ये हीच जोडी ‘सोऽ दा ने’ आणि ‘सोऽ नान् दा’ अशी होते. साहेबांसमोर मात्र ही रूपं नकोत. ‘नारुहोदो’ (अच्छा, बरोबर) हा हुंकारसुद्धा वरिष्ठांना म्हटलेलं अनेकांना आवडत नाही, कारण त्यात त्यांचं म्हणणं तपासून पास केल्याचा सूर येतो. तिथे ‘सोऽ नान् देस ने’ चालतं: बातमी नवी आहे आणि ती मला पटलीही आहे, हे दोन्ही त्यात येतं.