विचलन म्हणजे छोटा गुन्हा?

समाजशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘विचलन म्हणजे ज्याला कायद्याने शिक्षा होत नाही असा किरकोळ गुन्हा.’ लिहिणाऱ्याचा फारसा दोष नाही. पाठ्यपुस्तकांत दोन्ही विषय एकाच प्रकरणात लागोपाठ येतात आणि उदाहरणंही तीच असतात: चोरी, व्यसन, मारामारी. मग वाचणाऱ्याच्या डोक्यात एक जिना तयार होतो. खालच्या पायरीवर वात्रटपणा, मधल्या पायरीवर विचलन, सगळ्यात वर गुन्हा. हा जिना मोडल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही.

तो मोडायला मला अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॅरोल्ड गारफिंकेल यांचा एक प्रयोग फार उपयोगी पडतो. १९६७च्या पुस्तकात त्यांनी तो सविस्तर सांगितला आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना घरी पाठवलं आणि सांगितलं, पंधरा मिनिटं ते तासभर आपल्याच घरात पैसे देऊन राहणाऱ्या परक्या माणसासारखं वागा. अदबीने बोला, खासगी विषय काढू नका, कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडू नका. एका मुलाने आईला विचारलं, फ्रीजमधलं थोडं खायला घेतलं तर चालेल का? आई चक्रावली. इतकी वर्षं न विचारता खात आलास, आज तुला झालंय काय? इतर घरांतही असाच गोंधळ उडाला. आजारी आहेस का, नोकरी गेली का, एवढा तोरा कशाचा, डोकं फिरलंय का, असे प्रश्न आले. काही घरांत चक्क भांडणं झाली.

यात कायदा कुठेच मोडलेला नाही. शिष्टाचारही मोडलेला नाही, उलट जरा जास्तच पाळलेला आहे. तरीही हे अस्सल विचलन आहे, कारण आपल्या माणसांत परक्यासारखं वागायचं नाही हा नियम तिथे मोडला गेला. हा नियम कुणी कुठे लिहून ठेवलेला नव्हता. तो आहे हेसुद्धा घरच्यांना तो मोडल्यावरच कळलं.

तर विचलन म्हणजे एखाद्या समूहाच्या अपेक्षेबाहेरचं, त्या समूहाला खटकणारं वागणं. ‘खटकणारं’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. संख्याशास्त्रात ‘प्रमाण विचलन’ शिकलेली मुलं विचलनाचा अर्थ ‘सरासरीपासून लांब’ असा घेतात. पण डावखुरा माणूस संख्येने दुर्मीळ असला तरी कुणाला खटकत नसेल तर ते समाजशास्त्रीय विचलन नाही. उलट बहुतेकांनी कधी ना कधी केलेली गोष्टसुद्धा उघड झाली की विचलन ठरू शकते. आणि ‘विकृती’ हा शब्द तर कृपया वापरू नका. विकृती म्हटलं की दोष त्या माणसात आहे हे आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं, आणि या अभ्यासशाखेची निम्मी मेहनत नेमकं तेच तपासण्यात गेली आहे.

गुन्ह्याचं तसं नाही. गुन्हा व्हायला आधी कायदा लागतो. कृत्य घडलं त्या दिवशी ते कायद्यात गुन्हा म्हणून नोंदलेलं नसेल, तर ते कितीही किळसवाणं असो, गुन्हा ठरत नाही, हे आधुनिक फौजदारी कायद्याचं मूलतत्त्व आहे. त्याला आरोप लागतो, पुरावा लागतो, निकाल लागतो, निकालाविरुद्ध अपील असतं. विचलनाला यातलं काही नाही. समाज नियम मागाहूनही ठरवू शकतो. कुजबुज, टोमणे, टाळणं, आमंत्रण न देणं, वाळीत टाकणं ही त्याची शिक्षा, आणि ती कोण सुनावतं हे पुष्कळदा सांगताही येत नाही. तुरुंगातून सुटायची तारीख ठरलेली असते. लोकांच्या नजरेतून सुटायची तारीख कुणी देत नाही. म्हणून विचलनाची शिक्षा सौम्य असते असं जे सर्रास लिहिलं जातं, ते मला पटत नाही.

दोन्ही एकत्र येतात तेव्हा प्रश्न नसतो. खून हा गुन्हाही आणि विचलनही. गंमत आहे ती दोन्ही वेगळी होतात तिथे. गारफिंकेलच्या विद्यार्थ्यांचं विचलन होतं, गुन्हा नव्हता. याच्या उलट टोकाला असतो तो गुन्हा असूनही कुणाला न खटकणारा प्रकार. मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा थोडी ओलांडणारा चालक कायदा मोडतो, पण शेजारी बसलेला मित्र त्याच्याकडे वळूनही बघत नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं यांवर बंदी होती, पिण्यावर मात्र घटनादुरुस्तीत बंदी नव्हती. विकणारा गुन्हेगार ठरला, पण त्याचं गिऱ्हाईक अनेक वस्त्यांत प्रतिष्ठितच राहिलं.

या टोकावर खरा वाद पेटवला एडविन सदरलंड यांनी. १९३९ साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी ‘पांढरपेशा गुन्हेगारी’ ही कल्पना मांडली. प्रतिष्ठित माणूस आपल्या व्यवसायाच्या ओघात जे गुन्हे करतो ते गुन्ह्याच्या हिशेबात धरलेच जात नाहीत, आणि म्हणून गुन्हेगारीचं मूळ गरिबीत असल्याचा आभास होतो, हे त्यांचं म्हणणं. पुढे ७० बड्या कंपन्यांविरुद्धचे निर्णय गोळा करून त्यांनी १९४९ मध्ये पुस्तक काढलं. खटल्याच्या भीतीपोटी त्यातली कंपन्यांची नावं गाळावी लागली. नावांसह पूर्ण आवृत्ती निघायला १९८३ उजाडलं. दरम्यान १९४७ मध्ये कायद्याचे अभ्यासक पॉल टॅपन यांनी आक्षेप घेतला होता: न्यायालयाने दोषी ठरवलेला तोच गुन्हेगार, बाकी सगळी अभ्यासकाची मतं. टॅपन कायद्याची बाजू चोख सांभाळतात, पण ती मान्य केली तर न्यायालयापर्यंत जे पोचतच नाही त्याचा अभ्यास करायचाच नाही असं होईल. या भांडणात मी सदरलंडच्या बाजूने आहे. फक्त एक दुरुस्ती करून: त्यांनी दाखवलेल्या कंपन्या गुन्हा करत होत्या, पण विचलित ठरत नव्हत्या. त्यांच्या वर्तुळात त्यांना कुणी टाळलं नाही.

कायदा आणि लोकांची नजर एकाच वेगाने चालत नाहीत, हेही लक्षात ठेवावं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ साली दोन प्रौढ पुरुषांमधले संमतीचे खासगी समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या यादीतून निघाले (वय २१ पूर्ण असल्यास). गुन्हा एका कायद्याने संपला. तुच्छतेची नजर मात्र त्या दिवशी संपली नाही.

गुन्ह्यापलीकडे बघण्याची ही सवय जुनी आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९५ मध्येच लिहिलं होतं की संतांचाच मठ कल्पिला, तरी तिथे बाहेरच्याला क्षुल्लक वाटणाऱ्या चुका मोठा गहजब उडवतील. पण रोख कृत्यावरून प्रतिक्रियेकडे पक्का वळवला तो अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी, १९६३ मध्ये. नियम बनवून आणि तो ठरावीक लोकांना लावून समाजच विचलन घडवतो, असं त्यांनी मांडलं. वागणं आणि शिक्का यांची सांगड घालून त्यांनी चार घरांचा तक्ता मांडला. नियम पाळणारा आणि तसाच समजला जाणारा. नियम मोडणारा आणि पकडला गेलेला. काही न करता आळ आलेला. आणि चौथा, सगळं करून नामानिराळा राहिलेला. कायद्याच्या नोंदींत यातला चौथा कधी दिसतच नाही, आणि तिसरा दुसऱ्यात मिसळून जातो.

हे चौथं घर जवळून पाहायचं असेल तर विल्यम चॅम्ब्लिस यांचा १९७३चा अभ्यास वाचावा. एका अमेरिकन शाळेतल्या मुलांच्या दोन टोळक्यांवर त्यांनी दोन वर्षं लक्ष ठेवलं. सुखवस्तू घरच्या आठ मुलांना त्यांनी ‘सेंट्स’, म्हणजे संत, असं नाव दिलं आणि गरीब घरच्या सहा जणांना ‘रफनेक्स’, म्हणजे रांगडे. संत सराईतपणे तास बुडवत, दारू पिऊन गाड्या हाणत. रस्तादुरुस्तीच्या खड्ड्यापुढचे अडथळे रात्री हटवून, कुणाची गाडी आत जाते ते बघत थांबत. संख्येने पाहिलं तर त्यांचे उपद्व्याप रांगड्यांपेक्षा कमी नव्हते. दोन वर्षांत त्यांच्यातल्या एकालाही अटक झाली नाही. रांगडे मात्र सतत पोलिसांच्या तोंडी. चोरीच्या मालाची किंमत आणि मारामाऱ्या त्यांच्या खात्यावर जास्त होत्या, हे चॅम्ब्लिस लपवत नाहीत.

मग फरक कुठून आला? संतांकडे गाड्या होत्या, त्यामुळे त्यांचे उद्योग गावाबाहेर चालत. रांगडे गावातल्या नाक्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पोलिसाने अडवलं की संत खाली मान घालून माफी मागत, रांगडे उर्मटपणे बोलत. आणि चांगल्या घरच्या मुलांची ती ‘मस्ती’, बाकीच्यांची ती ‘लक्षणं’, हे गावाने आधीच ठरवलेलं होतं. कायदा दोन्ही टोळकी मोडत होती. विचलित मात्र एकच ठरलं, आणि पोलीस जाऊन उभे राहिले तेही त्याच्याच नाक्यावर.

पुढे बहुतेक संत कॉलेजातून चांगल्या नोकऱ्यांना लागले. रांगड्यांपैकी दोघे वेगवेगळ्या खुनांच्या प्रकरणांत तुरुंगात गेले. एवढ्यावर थांबलं तर शिक्का बसला की संपलं, असं वाटेल, आणि उत्तरपत्रिकेत तेच लिहिलेलं असतं. पण त्याच सहा जणांतल्या दोघांना फुटबॉलच्या जोरावर कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. ते दोघे पुढे शाळेत शिक्षक आणि प्रशिक्षक झाले.