गर्दी शुल्क

शहराच्या ठरावीक भागात शिरणाऱ्या खासगी वाहनांकडून घेतले जाणारे, गर्दीच्या वेळी अधिक असणारे शुल्क. महाराष्ट्रातील परिचित टोल हा रस्ता बांधणाऱ्याचा खर्च भरून काढतो. गर्दी शुल्क मात्र आधीच बांधलेल्या रस्त्यावरील जागेचे मोल लावते आणि बऱ्याच ठिकाणी ती रक्कम बस, रेल्वे व मेट्रोकडे वळवते. हा फरक न समजावता केलेला प्रस्ताव ‘आणखी एक टोलनाका’ म्हणूनच ऐकला जातो.

सिंगापूरने 1975 मध्ये विकतचा परवाना काचेवर चिकटवलेल्या मोटारींनाच मध्यवर्ती भागात प्रवेश देऊन याची सुरुवात केली. लंडनमध्ये फेब्रुवारी 2003 पासून 5 पौंड घेतले जाऊ लागले आणि निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे कायदेशीर बंधन घातले गेले. तेथील पश्चिमेकडील विस्तार मात्र 2007 मध्ये सुरू होऊन महापौर बदलल्यावर गुंडाळण्यात आला. स्टॉकहोममध्ये 2006 च्या सहामाही प्रयोगात वाहतूक सुमारे पंचमांशाने घटली, आधी विरोधात असलेले लोकमत पालटले आणि त्याच वर्षीच्या सार्वमतात शुल्काला कौल मिळाला. पण नव्या सरकारने उत्पन्न रस्तेबांधणीकडे वळवले. शुल्क टिकले, तरी पैसा ठरल्या जागी जाईलच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

शुल्क टिकवण्याची कसोटी न्यूयॉर्कमध्ये सर्वांत ठळकपणे दिसली. 2019 च्या कायद्यानुसार मॅनहॅटनच्या 60 व्या रस्त्याच्या दक्षिणेस येणाऱ्या वाहनांचे शुल्क भुयारी रेल्वे, बस व उपनगरी रेल्वेच्या कामांसाठी राखून ठेवले होते आणि त्याच्या आधारावर 15 अब्ज डॉलर उभारायचे होते. जून 2024 मध्ये, अंमलबजावणीला काही आठवडे उरले असताना, गव्हर्नर कॅथी होकल यांनी ते स्थगित केले. अखेर 15 ऐवजी 9 डॉलर दराने ते 5 जानेवारी 2025 रोजी सुरू झाले. फेब्रुवारीत केंद्रीय वाहतूक विभागाने मंजुरी मागे घेतली, तेव्हा राज्याच्या महानगर परिवहन प्राधिकरणाने शुल्कासाठी वाहने टिपणारे कॅमेरे बंद न करता न्यायालयात धाव घेतली. प्रवासी संघटनांचा आग्रहही हाच होता.

पुण्यात असे शुल्क नाही. 2007 मध्ये स्थापन झालेल्या पीएमपीएमएल या सार्वजनिक बस कंपनीची संचलनतूट (बस चालवण्यातील तोटा) पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिका भरून देतात, म्हणजे ती सर्वच करदात्यांवर पडते. 1 जून 2025 पासून दैनिक पास 40 वरून 70 रुपये झाला. भार वाढला तो बसमध्ये बसणाऱ्याचा. पाच रस्त्यांवर सशुल्क पार्किंगला 2018 मध्ये मिळालेली मान्यताही कागदावरच राहिली. पुण्याजवळच्या खेड शिवापूर टोलनाक्याविरुद्धची आंदोलने आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना मिळालेली टोलमाफी पाहता, येथील लोकप्रतिनिधींना नाका हटवण्याचे श्रेय अधिक सोपे वाटते, हे उघड आहे.

पुण्यापुरता अवघड प्रश्न दुचाकींचा आहे. लंडनने त्यांना वगळले, तर न्यूयॉर्क गर्दीच्या वेळी 4.50 डॉलर घेते. पेठांमधील कोंडीत दुचाकींचा वाटा मोठा असल्याने त्यांना सरसकट सूट दिल्यास शुल्काचा अर्थच उरत नाही. आणि ते लावायचे, तर बस वेळेवर न आल्यामुळे दुचाकी घ्यावी लागलेल्या माणसाकडूनच आधी पैसे घ्यावे लागतात.