मानद सदस्य कोण आणि पदवीनंतर झालेला सदस्य कोण?

कमला हॅरिस यांच्यामुळे ‘अल्फा कप्पा अल्फा’ हे नाव आपल्याकडेही बऱ्याच जणांच्या कानावर पडलं. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकत असताना, १९८६ मध्ये, त्या या सोरॉरिटीच्या, म्हणजे कॉलेजमधल्या मुलींच्या संघटनेच्या, सदस्य झाल्या. विद्यार्थिदशेतला हा सरळ मार्ग सगळ्यांना कळतो.

घोळ त्यापुढे सुरू होतो. ऐन कॉलेजच्या वयात नव्हे, नंतर कुणी सदस्य झालं की त्याला बेधडक ‘मानद’ म्हटलं जातं. हे साफ चूक आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या अशा नऊ संघटना आहेत, काही मुलींच्या, काही मुलांच्या; त्यांच्यात पदवीधरांच्या वेगळ्या शाखा असतात. नोकरी-संसारात पडलेली माणसंही तिथे नियमित सदस्य होतात. त्यासाठी पदवी हवी, शाखेची पसंती हवी, रीतसर दीक्षाही हवी. मार्टिन ल्यूथर किंग १९५२ मध्ये ‘अल्फा फाय अल्फा’ या पुरुषांच्या संघटनेत आले, तेव्हा बी.ए. होऊन त्यांना चार वर्षं झाली होती आणि ते बॉस्टनमध्ये डॉक्टरेट करत होते. तरीही ते नियमित सदस्यच. त्यांना मानद ठरवणारे मजकूर वाचून मला खरोखर त्रास होतो.

मानद सदस्यत्व मागून मिळत नाही. व्यक्तीचं काम पाहून संघटना स्वतः, राष्ट्रीय पातळीवर, निमंत्रण देते. ते स्वीकारलं तरच सदस्यत्व. नुसत्या निमंत्रणाच्या बातमीवरून कुणाला सदस्य म्हणू नये. इथे पदवीची अट नाही, म्हणून गायिका अरेथा फ्रँकलिन ‘डेल्टा सिग्मा थीटा’ या दुसऱ्या सोरॉरिटीच्या मानद सदस्य होऊ शकल्या. पण मानद म्हणजे पदवी नसलेला, असंही नाही. मिशेल ओबामांकडे प्रिन्स्टन आणि हार्वर्डच्या पदव्या होत्या, तरी २००८ मध्ये ‘अल्फा कप्पा अल्फा’त त्या मानद म्हणूनच आल्या. वंशावरूनही ठरवू नका, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलेनॉर गोऱ्या, तरी त्याही तिथल्याच मानद सदस्य. वय, पदवी, प्रसिद्धी सगळं बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा: शाखेनं निवडून घेतलं, की राष्ट्रीय संघटनेनं सन्मानानं बोलावलं?

आणि ‘मानद म्हणजे नावापुरतं’ हे तर मुळीच म्हणू नये. कृष्णवर्णीय कार्यकर्त्या मेरी चर्च टेरेल ‘डेल्टा’च्या मानद सदस्य. १९१३ मध्ये वॉशिंग्टनला स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्च्यात त्या ‘डेल्टा’च्या हॉवर्डमधल्या मुलींबरोबर चालल्या, आणि पुढच्याच वर्षी ‘डेल्टा’ची शपथ त्यांनीच लिहून दिली.