‘कमेन्स’ लिहिलं की इंग्रजी सुधारतं?

‘स्टार्ट, बिगिन हे शाळकरी शब्द, अर्जात नेहमी कमेन्स लिहा’ असा सल्ला वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत असतो. तो बरोबर नाही.

कमेन्स जास्त औपचारिक आहे, इतकंच खरं. 1066 नंतर इंग्लंडवर नॉर्मन राज्य आलं, दरबारात फ्रेंच रुळली आणि तिच्यातून हा शब्द इंग्रजीत आला. बिगिन मूळचाच तिथला. त्यामुळे आपल्याकडे बांधकामाच्या ‘कमेन्समेंट सर्टिफिकेट’मध्ये तो शोभतो. पण ‘सोमवारपासून कामावर येईन’ असं कळवताना स्टार्टच सहज वाटतं. बिगिन आणि स्टार्ट बहुतेक वेळा एकमेकांच्या जागी चालतात. यंत्राचं मात्र वेगळं. गाडी ‘स्टार्ट’च करायची, तिथे बिगिन किंवा कमेन्स घातलं की वाक्यच चुकतं.

साध्या शब्दाची लाज वाटून हुशार मुलं अर्ज लिहायला कचरतात, हे मला खरंच खुपतं.

पडताळायचं असेल तर शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडा. कमेन्सपुढे ‘फॉर्मल’ अशी खूण दिसेल. मग तिन्ही शब्दांखालची उदाहरणं वाचा आणि सुरू काय होतंय ते बघा: सभा, नोकरी की इंजिन.