मधुमेह आणि नैराश्य: आधी कोण, नंतर कोण?

फार दिवस दुःखात राहिलेल्या माणसाला मधुमेह जडतो, असं लंडनच्या थॉमस विलिस या डॉक्टरने १६७४ साली लिहून ठेवलं. रुग्णाची लघवी मधासारखी गोड लागते हे चाखून नोंदवणारा तो हाच विलिस. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी चरकसंहितेत वातज प्रमेहाच्या (वातामुळे होणाऱ्या लघवीच्या विकारांच्या) कारणांमध्ये उद्वेग आणि शोक आलेले आहेत, आणि मधुमेह हा वातज प्रमेहांपैकीच एक. पण त्याच यादीत उपास, जागरण आणि मार लागणंही आहे. तेव्हा ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ म्हणण्याची घाई नको.

मेंदूचा साखरेशी थेट संबंध असतो हे प्रयोगाने दाखवलं क्लोद बर्नार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने. १८४९मध्ये त्याने सशाच्या मेंदूत ठरावीक जागी सुई टोचली आणि सशाच्या लघवीत साखर उतरली. १९११मध्ये हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी सुईही वापरली नाही. घाबरलेल्या मांजरांच्या लघवीत त्यांना साखर सापडली. ‘टेन्शन घेऊ नका, शुगर वाढेल’ या घरोघरच्या सल्ल्याला इतका जुना आधार आहे.

१९२१मध्ये टोरांटोत इन्शुलिन हाती आलं आणि सगळं लक्ष स्वादुपिंडाकडे वळलं. ते साहजिकच होतं. मरणाच्या दारातली मुलं त्याने उठून बसत होती. मन हा विषय उरला मानसोपचारतज्ज्ञांकडे, आणि त्यांनी त्याची वाट चुकवली. १९३०च्या दशकात अमेरिकेत ‘मधुमेही व्यक्तिमत्त्व’ अशी कल्पना मांडली गेली: अमुक स्वभावाच्या माणसांनाच हा आजार होतो. पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही. माझ्या मते तिने नुकसानच केलं, कारण आजाराचा दोष रुग्णाच्या स्वभावावर गेला.

जीवशास्त्राचा धागा मात्र दुसरीकडे सापडत होता. हार्वे कुशिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बेसुमार वाढतं. अशा रुग्णांत साखरही वाढलेली आढळते आणि नैराश्यही. कॉर्टिसॉल यकृताला साखर तयार करायला लावतं, पोटावर चरबी साठवतं आणि इन्शुलिनचा असर कमी करतं. तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांतही ते चढलेलं असतं.

दुसरा धागा सूक्ष्म दाहाचा (इन्फ्लमेशनचा). लठ्ठ उंदरांच्या चरबीतून दाह वाढवणारी रसायनं पाझरतात आणि तीच इन्शुलिनच्या आड येतात, हे १९९३मध्ये दिसलं. हेपॅटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी इंटरफेरॉन हे दाह वाढवणारं औषध घेणाऱ्या कित्येक रुग्णांना त्या उपचारातच नैराश्य येई. म्हणजे दाह मनापर्यंतही पोचतो. इन्शुलिनचा संदेश टिपणारे पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) मेंदूतही असतात हे १९७८पासून माहीत होतं. ते मेंदूतून काढून टाकलेले उंदीर चिंताग्रस्त आणि उदास वागू लागतात, असं २०१५च्या प्रयोगात दिसलं. त्यांच्या मेंदूतलं डोपामाइन या रसायनाचं कामही बिघडलेलं होतं.

मग आधी कोण? १९९६च्या बाल्टिमोरमधल्या पाहणीत, आधी नैराश्य असलेल्यांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याची जोखीम सुमारे दुप्पट दिसली. २००१मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर मधुमेहींमध्ये नैराश्याचं प्रमाणही साधारण दुप्पट आढळलं. सगळ्यात विचारात टाकणारा अभ्यास २००८चा, तोही अमेरिकेतलाच. मधुमेहावर उपचार सुरू असलेल्यांत नैराश्याची लक्षणं अधिक उद्भवली. साखर वाढलेली, पण उपचार नसलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. म्हणजे नुसती रक्तातली साखर हे उत्तर नव्हे. रोजच्या गोळ्या, पथ्य, तपासण्या, पायांची आणि डोळ्यांची धास्ती यांचाही भार असतो. मेंदूतल्या रसायनांबद्दल बोलताना हा निष्कर्ष बाजूला ठेवणाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

उपचारातही गुंता आहेच. १९९७मध्ये मधुमेहींना नॉरट्रिप्टिलिन हे जुन्या पठडीतलं नैराश्यावरचं औषध देऊन पाहिलं. उदासी उतरली, पण औषधाच्याच परिणामाने साखर बिघडली. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या दुसऱ्या औषधाच्या २०००च्या चाचणीत उदासी कमी झाली आणि साखरही सुधारण्याकडे झुकली. मधुमेहीसाठी नैराश्याचं औषध निवडताना साखर आणि वजन आधी बघावं लागतं, ते यामुळे.